प्रायमरीत आपला माणूस पडला, आता नोव्हेंबरात मत कुणाला?

हडसनकाठची | १२ जून २०२५

आमच्या न्यू जर्सीत परवा, १० जूनला, गव्हर्नरच्या प्रायमऱ्या (पक्षाचा उमेदवार ठरवायचं मतदान) झाल्या. डेमोक्रॅट्सकडून सहा जण उभे होते. मी आणि नवरा दोघंही स्टीव्हन फुलपवाले, म्हणजे आमच्या जर्सी सिटीचे मेयर. मी काय फार मोठी कार्यकर्ती नाही, पण एप्रिलपासून दर शनिवारी दारं ठोठावली, अंगणात पाटी लावली, ऑफिसातल्या दोघा गुजराती मैत्रिणींना पटवलं. आणि आमचे साहेब तिसरे आले. दुसरे नेवार्कचे रास बराका. जिंकल्या मिकी शेरिल, साधारण ३४ टक्क्यांवर. म्हणजे तीनातल्या दोघांनी त्यांना मत दिलेलं नाही आणि आता त्याच सगळ्यांच्या उमेदवार.

परवा रात्रीपासून पक्षाचे ईमेल चालू, 'आता आपण सगळे एक'. अहो, परवापर्यंत तुमचेच लोक आमच्या माणसाला काय काय बोलत होते! एका दारावर तर समोरच्या गोटातल्या एका बाईने मला 'तुम्ही लोक रिपब्लिकनांचं काम सोपं करताय' असं तोंडावर सुनावलं होतं. आणि आता एक?

नवरा म्हणतो गव्हर्नरचा रकाना कोरा सोडणार. मला तेही पटत नाही, कारण समोर रिपब्लिकनांचे चिआटरेली आहेत आणि २०२१ ला ते फक्त तीनेक टक्क्यांनी हरले होते. तर प्रश्न असा की तुमचा माणूस प्रायमरीत पडला तेव्हा तुम्ही काय केलंत? राग जातो का? की फक्त मत जातं तिकडे आणि राग घरीच राहतो?

बिनसाखरेचा | १२ जून

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

कोरा_चेक | १२ जून

सरळ उत्तर: पक्ष म्हणजे सासर नाही, नांदायलाच पाहिजे असं काही नसतं. उमेदवार आवडला नाही, मत नाही. माझा नवऱ्याला पाठिंबा. (तुमच्या. दिवे घ्या.)

नाशुआची_मावशी | १२ जून

हडसनकाठची, तुझी पोस्ट वाचून मला १७ वर्षांपूर्वीची मीच दिसले गं.

२००८. मी नुकतीच सिटिझन झालेले, पहिलंच मतदान, आणि न्यू हॅम्पशायरमध्ये राहत असल्यामुळे देशात सगळ्यात आधी प्रायमरी आमच्याकडे. ओबामांविरुद्ध आयोवात हिलरी तिसरी आली होती, टीव्हीवाल्यांनी तिचं तेरावं घालायचंच बाकी ठेवलं होतं, आणि ८ जानेवारीला आम्ही तिला जिंकवलं. मी त्या रात्री रडले होते. नंतर ते पार जूनपर्यंत ताणलं गेलं. तिच्या हसण्यावर बोलायचे, कपड्यांवर बोलायचे, आणि आम्ही ज्यांना आपले समजत होतो तीच चॅनेलं! मिशिगन-फ्लोरिडाचा घोळ तर विचारू नकोस. त्या राज्यांनी नियम मोडून लवकर मतदान घेतलं म्हणून त्यांचे डेलिगेट (अधिवेशनात उमेदवार निवडणारे प्रतिनिधी) काढून घेतले, मिशिगनात तर ओबामांचं नाव मतपत्रिकेवर नव्हतंच, आणि शेवटी ३१ मेला कमिटीने बसून डेलिगेटांना अर्धं-अर्धं मत दिलं. अर्धं मत! आमच्या चाळीत पाण्याचं वाटप यापेक्षा बरं व्हायचं.

तेव्हा 'पुमा' नावाचे गट निघाले होते. त्याचा मूळ अर्थ इथे लिहिण्यासारखा नाही, पक्षाच्या एकीला दिलेली शिवी होती. मी त्यांच्या ईमेल यादीत होते. ओबामांना मत देणार नाही म्हणून नवऱ्याला शपथेवर सांगितलं होतं.

मग जूनच्या शेवटी दोघांची पहिली एकत्र सभा झाली, ती आमच्याच राज्यात युनिटी नावाच्या गावात. गाव का निवडलं तर नाव युनिटी, आणि प्रायमरीत तिथे दोघांना बरोब्बर १०७-१०७ मतं पडलेली. मी गेले नाही. टीव्हीवर बघितलं आणि म्हटलं, काय नाटकं आहेत.

राग कधी गेला सांगू? ऑगस्टात डेन्वरला पक्षाच्या अधिवेशनात हजेरी चालू होती, एकेक राज्य आपली मतं सांगत होतं, न्यूयॉर्कची पाळी आली आणि हिलरी स्वतः खाली आली आणि म्हणाली की मोजणी थांबवा आणि ओबामांना सगळ्यांच्या आवाजाने उमेदवार करा. मी सोफ्यावर बसून शिव्या घालत होते आणि रडत पण होते. दोनच दिवसांनी रिपब्लिकन उमेदवार मकेनने उपाध्यक्षपदासाठी सारा पेलिनला घेतलं. म्हणजे यांना वाटलं काय, आम्हाला बाई हवी होती, कुठलीही चालेल? त्या दिवशी माझं मत ठरलं. ओबामांनी माझं मन जिंकलं नाही हो, मकेनने ते त्यांच्या अंगणात नेऊन टाकलं.

हडसनकाठची | १२ जून

मावशी __/\__ . 'अंगणात नेऊन टाकलं' हे नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणे चिआटरेलींनी अजून काही टाकलेलं नाही.

आकडेमोड | १३ जून

मावशींच्या गोष्टीला थोडे आकडे जोडतो. मार्च २००८ मध्ये गॅलप या सर्वेक्षणवाल्यांनी विचारलं होतं तेव्हा हिलरीच्या समर्थकांपैकी २८ टक्के म्हणाले होते की ओबामा आले तर आम्ही मकेनला मत देऊ. उलट बाजूने १९ टक्के. प्रत्यक्ष नोव्हेंबरात काय झालं याचे आकडे कसं मोजता त्यावर बदलतात. बूथबाहेरच्या एक्झिट पोलमध्ये साधारण सहातला एक मकेनकडे गेलेला दिसतो, मोठ्या सर्वेक्षणांत चारातला एक. काहीही धरा, ओबामा ३६५ इलेक्टोरल मतं मिळवून जिंकले. म्हणजे बरेच लोक रुसून गेले, परत आलेच नाहीत, आणि तरी काही बिघडलं नाही, कारण बँका बुडत होत्या आणि बाकीचा देश यांच्याकडे येत होता.

आता २०१६, हिलरी विरुद्ध बर्नी सँडर्स. बर्नीला प्रायमरीत मत दिलेल्यांपैकी ट्रम्पकडे गेले साधारण १२ टक्के. म्हणजे २००८ पेक्षा कमी! पण मिशिगन गेलं १०,७०४ मतांनी, विस्कॉन्सिन २२,७४८ नी. तेव्हा मात्र सगळं खापर बर्नीवाल्यांवर.

रुसणारे दर वेळी असतात. जावई लग्नात रुसला तर तेव्हाच कळतं जेव्हा जिलबी कमी पडते.

बर्नीभक्त_निवृत्त | १३ जून

बरं झालं कुणीतरी बोललं. गेली नऊ वर्षं मी हे ऐकतोय. मी बर्नीला मत दिलं, नोव्हेंबरात नाकाला रुमाल लावून हिलरीला दिलं, आणि तरी आमच्या मंडळाच्या प्रत्येक दिवाळीत एक काका मला 'तुमच्यामुळे ट्रम्प आला' म्हणतात. काका स्वतः मतदानाला गेले नव्हते, एच-४ व्हिसावर होते म्हणे, मताचा हक्कच नव्हता. असो.

रुमाल का लागला तेही सांगतो. फिलाडेल्फियाचं अधिवेशन सुरू व्हायच्या तीन दिवस आधी विकिलीक्सने पक्षाच्या राष्ट्रीय समितीचे ईमेल फोडले, पंच म्हणवणारे लोक आपापसात काय लिहितात ते सगळ्यांनी वाचलं, अध्यक्षा डेबी वॉसरमन शुल्ट्झना राजीनामा द्यावा लागला. आणि सुपरडेलिगेट, म्हणजे मतदारांनी न निवडता अधिवेशनात मत असलेले पुढारी! एकही मतदान व्हायच्या आधी शेकडो पुढारी हिलरीकडे गेलेले. धावायच्या आधीच समोरच्याला पन्नास मीटर पुढे उभं केलंय, आणि हरल्यावर म्हणायचं खिलाडूवृत्ती दाखवा.

आकडेमोड | १३ जून

@बर्नीभक्त, सुपरडेलिगेट बाजूला ठेवले तरी निवडून आलेल्या डेलिगेटांत हिलरी २,२०५ आणि बर्नी १,८४६ होते. हरले ते मतांनीच हरले. पण तुमचा मुद्दा रागाचा आहे आणि तो पुढे पक्षालाही पटला, २०१८ ला नियम बदलले, आता सुपरडेलिगेटांना पहिल्या फेरीत निकाल फिरवता येत नाही.

अजून एक. जे बर्नीकडून ट्रम्पकडे गेले त्यातले बरेच मुळात स्वतःला डेमोक्रॅट म्हणवतच नव्हते. वेस्ट व्हर्जिनियासारख्या ठिकाणी नावनोंदणी आजोबांपासून डेमोक्रॅट, नोव्हेंबरातलं मत कधीपासूनच रिपब्लिकन. प्रायमरीत आले ते ओबामा-हिलरीवरचा राग काढायला. २०१२ ला त्याच राज्यात टेक्सासच्या तुरुंगातल्या एका कैद्याला ओबामांविरुद्ध ४१ टक्के मतं पडली होती. त्यांना 'परत या' म्हणून काय उपयोग, ते घरात होतेच कधी?

२००८ मध्ये पण रश लिंबॉ रेडिओवरून रिपब्लिकनांना सांगत होते, जा आणि हिलरीला मत द्या म्हणजे यांचं भांडण लांबेल. तेही नंतर 'हिलरीचे मकेनकडे गेलेले' यातच मोजले गेले असणार.

नाशुआची_मावशी | १३ जून

कैद्याचं खरं आहे का? मला वाटलं चेष्टा करताय.

आकडेमोड | १३ जून

शंभर टक्के खरं. म्हणजे ४१ टक्के खरं.

बिनसाखरेचा | १३ जून

खिक्

कृष्णाकाठचा_पैलवान | १४ जून

तुमच्याकडे निदान मतदान करून उमेदवार ठरवतात हो. आमच्याकडे सांगलीत २०२४ ला लोकसभेला काय झालं? पिढ्यान्‌पिढ्या काँग्रेसची जागा, वसंतदादांचं गाव, आणि आघाडीच्या वाटपात ती गेली उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेला. उमेदवार चंद्रहार पाटील, डबल महाराष्ट्र केसरी, माणूस चांगला, पण लोकांना विचारलं कुणी? दादांचे नातू विशाल पाटील अपक्ष उभे राहिले आणि लाखभर मतांनी निवडून आले. अधिकृत उमेदवार तिसऱ्या नंबरवर. काँग्रेसचे कार्यकर्ते दिवसा आघाडीच्या स्टेजवर आणि रात्री विशालदादांच्या प्रचारात. निकालानंतर खासदारांनी काँग्रेसलाच पाठिंबा दिला. आता सांगा, निष्ठा कुणी मोडली? मतदार तर आपल्या पक्षालाच मत देत होता, पक्षच मतपत्रिकेवर नव्हता!

वऱ्हाडी_ठेचा | १४ जून

पैलवान, प्रायमरी पण करून पाहिली आहे बरं का आपल्याकडे. २०१४ ला काँग्रेसनं देशात पंधराएक जागी प्रयोग केला होता, त्यात आमचं वर्धा अन् तुमच्या तिकडचं लातूर. पदाधिकाऱ्यांनी मतं टाकून उमेदवार निवडला. दोन्हीकडं पडले. मोदी लाट होती, कोणी बी पडलं असतं म्हणा. पण ज्यायचा माणूस आतल्या मतदानात हरला ते प्रचारात किती दिसले ते इथल्या लोकायले विचारा. बंडखोरी झाली नाही, नुसता पाय दुखत होता सगळ्यायचा.

कोरा_चेक | १४ जून

'पाय दुखत होता' =)) हा शब्द अमेरिकेत पाठवला पाहिजे. १९६८ ला उमेदवारी न मिळालेल्या यूजीन मकार्थींचा पाय ऑक्टोबरच्या शेवटापर्यंत दुखत होता, मतदानाला आठवडा राहिल्यावर त्यांनी पक्षाचे उमेदवार हंफ्रींना कसाबसा पाठिंबा दिला आणि निक्सन एका टक्क्याच्या आत जिंकले. १९८० ला कार्टरकडून प्रायमरीत हरलेले टेड केनेडी मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या स्टेजवर आले, पण कार्टर हात उंचावायला मागे मागे फिरतायत आणि हे सटकतायत. सगळ्या देशाने पाहिलं.

आकडेमोड | १४ जून

६८ चं उदाहरण फार नेमकं आहे, कारण हंफ्री एकही प्रायमरी लढले नव्हते. पुढाऱ्यांनी आतून उमेदवारी दिली, शिकागोत बाहेर पोलीस पोरांना बडवत होते. त्याच रागातून आजची पद्धत आली. म्हणजे ज्या प्रायमरीमुळे हडसनकाठचीच्या घरात भांडण आहे ती मुळात भांडण मिटवायला काढली होती.

कार्टरचं मात्र केनेडींमुळे गेलं असं मला वाटत नाही. इलेक्टोरल मतं रेगन ४८९, कार्टर ४९. इराणचे ओलीस, महागाई. घर पडत असताना भांड्याला पोचा कुणी पाडला याची चौकशी कशाला.

संपादक | १४ जून

महाराष्ट्रातल्या तिकीटवाटपासाठी वेगळा धागा आहे. इथे विषयाला धरून राहा, ठेचा वगळता.

डेट्रॉईटकर | १५ जून

विषयाला धरूनच मराठी उदाहरण देतो मग, संपादकांनी कात्री लावू नये. आमचे श्री ठाणेदार, बेळगावकडचे. २०१८ ला मिशिगनच्या गव्हर्नरसाठी प्रायमरी लढले, तिसरे आले, जिंकल्या ग्रेचन व्हिटमर. २०२२ ला डेट्रॉईटमधून काँग्रेससाठी (म्हणजे अमेरिकेच्या संसदेसाठी) उभे राहिले, प्रायमरीत नऊ जण. ठाणेदार २८ टक्क्यांवर जिंकले. मतं फुटली, आणि कित्येक दशकांत पहिल्यांदा डेट्रॉईटचा काँग्रेसमध्ये एकही कृष्णवर्णीय प्रतिनिधी राहिला नाही. लोकांना ते लागलं, का नाही लागणार. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी मला, मी मराठी म्हणून, अंगणात उभं करून अर्धा तास ऐकवलं. मी काय ठाणेदारांचा मेहुणा आहे?

नोव्हेंबरात ठाणेदारांना ७१ टक्के मतं. म्हणजे प्रायमरीत जेवढे त्यांच्या विरोधात होते तेवढ्याच टक्क्यांनी ते निवडून आले! शेजारच्या बाईंनीही त्यांनाच दिलं. मी विचारलं का? म्हणाल्या, दुसरा रिपब्लिकन होता, आणि यांचा हिशोब दोन वर्षांनी प्रायमरीत करू. पक्का डेमोक्रॅटिक मतदारसंघ, तिथे रुसायला जागाच नसते. नोव्हेंबर औपचारिक, खरी निवडणूक ऑगस्टात होऊन गेलेली.

हडसनकाठची | १५ जून

हे पटलं. पण न्यू जर्सी तेवढी पक्की नाही, आणि इथला राग थोडा वेगळा आहे. आमच्याकडे कालपरवापर्यंत 'काउंटी लाइन' होती. पक्षाच्या काउंटी पुढाऱ्यांनी ज्याला हात दिला त्याचं नाव मतपत्रिकेवर वरपासून खालपर्यंत एका ओळीत, बाकीचे कुठेतरी कोपऱ्यात, त्याला लोक बॅलटचा सायबेरिया म्हणायचे. २०२४ ला सेनेटला उभे असलेले अँडी किम कोर्टात गेले तेव्हा ते थांबलं. यंदा पहिल्यांदा गव्हर्नरची प्रायमरी लाइनशिवाय झाली, म्हणून आम्हाला वाटलं आता आपला नंबर. आणि पुढारी ज्यांच्यामागे जास्त होते त्याच जिंकल्या.

कोरा_चेक | १५ जून

म्हणजे लाइन काढली तरी रांग तीच.

बर्नीभक्त_निवृत्त | १५ जून

निदान तुम्हाला मत देता आलं. २०१६ ला न्यूयॉर्कमध्ये फक्त पक्षात नाव नोंदलेल्यांची प्रायमरी होती एप्रिलमध्ये आणि पक्ष बदलायची मुदत संपली होती आदल्या ऑक्टोबरात. माझे दोन मित्र बर्नीला मत द्यायला गेले आणि परत आले. एकच समाधान, ट्रम्पची मुलं इव्हांका आणि एरिक पण त्याच नियमात अडकली, बापाला मत देता आलं नाही.

बिनसाखरेचा | १५ जून

बापाला मत देता आलं नाही यापेक्षा चांगलं निमित्त कुठल्याच मुलाला मिळणार नाही.

कनेक्टिकटचा_वाटाणा | २६ जून

धागा वर काढतो. परवा न्यूयॉर्कला मेयरच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत ममदानींनी क्युओमोंना हरवलं, आता चर्चा चालू आहे की क्युओमो अपक्ष लढणार. आमच्याकडे २००६ ला हेच झालं होतं. सेनेटर जो लिबरमन, त्याच्या सहा वर्षं आधी उपाध्यक्षपदाचे उमेदवार होते, इराक युद्धावरून प्रायमरीत नेड लॅमंटकडून हरले. अपक्ष उभे राहिले आणि नोव्हेंबरात जिंकले, साधारण ५० विरुद्ध ४०. रिपब्लिकनांनी आपल्याच उमेदवाराला वाऱ्यावर सोडून लिबरमनना मतं दिली. लॅमंट आता आमचे गव्हर्नर आहेत ते वेगळं.

बहुतेक राज्यांत असं करता येत नाही, प्रायमरीत हरलात की त्या वर्षी घरी बसा असा कायदा. मी तेव्हा लिबरमनना मत दिलं होतं. पक्षाने निवडलेला माणूस लॅमंट, म्हणजे मी पण गद्दारच. पण मला एकदाही तसं वाटलं नाही, कारण १८ वर्षं खासदार असलेला माणूस मला ओळखीचा होता आणि लॅमंट कोण ते मला माहीत नव्हतं.

नाशुआची_मावशी | २७ जून

हे महत्त्वाचं बोललास रे. आम्ही सगळे 'पक्ष, पक्ष' करतोय पण माणसाची सवय लागलेली असते. मला हिलरीची १६ वर्षांची सवय होती.

लालछत्री | २७ जून

इथे सगळे डेमोक्रॅटच का? मी रिपब्लिकन, टेक्सास, मारू नका. २०२४ ला मी ट्रम्पविरुद्ध निकी हेलीला मत दिलं, तेही त्यांनी माघार घ्यायच्या आदल्याच दिवशी! पेनसिल्व्हेनियात तर एप्रिलमध्ये, त्या मार्चमध्येच बाहेर पडलेल्या असताना, दीड लाखाच्या वर लोकांनी त्यांना दिलं. पेपरवाले सहा महिने आमच्या मागे, 'हेलीचे मतदार कुठे जाणार'. कमलाताईंनी (हॅरिस) आमच्याच पक्षाच्या लिझ चेनीला घेऊन सभा केल्या आमच्यासाठी. मग? ट्रम्प पेनसिल्व्हेनिया जिंकलेच. माझ्या ओळखीतले बहुतेक हेलीवाले घरी परतले, मी पण. प्रायमरीतलं मत म्हणजे नाराजीचं पत्र होतं, घटस्फोटाची नोटीस नव्हे.

आमच्याकडे मोठा पाय दुखला तो ट्रम्पकडून हरलेल्या टेड क्रूझचा, २०१६ ला क्लीव्हलँडच्या अधिवेशनात स्टेजवरून 'विवेकाला स्मरून मत द्या' म्हणाले, सभागृहाने हुर्यो उडवली. सप्टेंबरात पाय बरा झाला.

कोरा_चेक | २७ जून

@लालछत्री, प्रामाणिकपणाला दाद. पण मग पत्राचा उपयोग काय, जर पाठवणारा दर वेळी घरीच येणार हे घरच्यांना माहीत असेल?

लालछत्री | २७ जून

याचं उत्तर माझ्याकडे नाही. बायकोकडेही नाही, ती हेच माझ्याबद्दल म्हणते.

वऱ्हाडी_ठेचा | ७ नोव्हेंबर

काय झालं मग जर्सीचं? हडसनकाठचीबाई, तुमच्या मालकानं रकाना कोरा सोडला का नाही?

आकडेमोड | ७ नोव्हेंबर

शेरिल १३-१४ टक्क्यांनी जिंकल्या. प्रायमरीतला राग निकालात शोधून सापडत नाही. न्यूयॉर्कला ममदानी ५० च्या थोडे वर, क्युओमो ४१ च्या आसपास. तिथे मात्र राग स्पष्ट दिसतो, कारण राग घेऊन जायला दुसरं दार होतं. जर्सीत दार एकच, चिआटरेलींचं, आणि त्यावर ट्रम्पचं तोरण.

हडसनकाठची | ८ नोव्हेंबर

आले आले. सगळं सांगते.

मी शेरिलना मत दिलं. पक्षाच्या ईमेलमुळे नाही, ते मी सप्टेंबरात बंद केले. ऑक्टोबरात एका रविवारी एक मुलगी दारावर आली, प्रायमरीत बराकांची कार्यकर्ती होती. आमच्या गॅरेजजवळ अजून फुलपची पाटी होती (आता तिच्यावर मिरच्या वाळत घालतो). ती पाटी बघून म्हणाली, 'तुमचे तिसरे, आमचे दुसरे.' आणि आम्ही दोघी वीस मिनिटं नुसतं कोण कोणाला काय बोललं तेच उगाळत बसलो, शेरिलचं नाव निघालंच नाही. मी तिला चहा दिला. जाताना फक्त विचारलं, तू का फिरतेस मग? तर म्हणाली, घरी बसून राग आणखी वाढत होता.

बस. नंतरच्या शनिवारी अर्ली व्होटिंगला जाऊन आले.

नवऱ्याने खरंच कोरा सोडला. बाकीचे सगळे रकाने भरले, गव्हर्नरचा मोकळा. निकालाच्या रात्री १३ टक्के बघून मला म्हणतो, बघ, माझ्यावाचून काही अडलं का? आणि आवाजात जरा नाराजीच होती.

नाशुआची_मावशी | ८ नोव्हेंबर

अडावं असंच वाटत असतं गं त्यांना.

बर्नीभक्त_निवृत्त | ८ नोव्हेंबर

मी वहिनींच्या नवऱ्याला आमच्या दिवाळीला बोलावतो. काकांना नवीन गिऱ्हाईक मिळेल.

हडसनकाठची | ८ नोव्हेंबर

त्याला वेळ नाही. जर्सी सिटीच्या मेयरचा निकाल लागलाच नाही, ५० टक्के कुणालाच नाहीत, २ डिसेंबरला रनऑफ (पहिल्या दोघांत फेरमतदान) आहे सॉलोमन विरुद्ध मॅकग्रीव्ही. सकाळपासून मिरच्या उचलून पाटीच्या मागच्या बाजूला रंग देतोय.